उतरता उतरता पुन्हा वर

बंगळुरूच्या उत्तरेस जक्कूर येथे विमानचालनाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. विमान उतरविण्यास शिकणाऱ्या नवशिक्या वैमानिकास त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट शिकावी लागते; ती म्हणजे उतरणे मध्येच सोडून पुन्हा आकाशात जाणे. धावपट्टीवर जनावर आडवे आले, आडवा वारा एकाएकी वाढला किंवा टेकलेले विमान उसळले, म्हणजे हा निर्णय घ्यावा लागतो. तो जितका लवकर घ्यावा तितका बरा. उतरणे सोडण्यात कमीपणा आहे, ही नवशिक्यांची समजूत वाऱ्याहूनही घातक होय.

कृती वरवर सोपी दिसते. थ्रॉटल पुढे ढकलून एंजिनास पूर्ण शक्ती द्यावयाची, इतकेच. परंतु उतरताना विमानाचा तोल मंद गतीस अनुसरून साधलेला असतो. शक्ती वाढताच नाक वर उसळते आणि एका बाजूस वळू पाहते. हातातील दांडा पुढे दाबून व पायांनी सुकाणू सांभाळून ते आवरले नाही, तर समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा होणारा कोन मर्यादेबाहेर जातो, पंखावरील प्रवाह सुटतो व विमान कोसळते. जमीन इतकी जवळ असता सावरण्यास अवकाश नसतो.

हा प्रवाह का सुटतो, याचा उलगडा लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली केला. त्यांचेच शिष्य डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात एचटी-२ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान तयार झाले. त्याचे पहिले उड्डाण १९५१ साली झाले.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथील हवा मुळातच विरळ. त्यात उन्हाळ्यात पारा ३४ अंशांवर गेला, की ती सुमारे १,८०० मीटर उंचीवरील हवेइतकी पातळ होते. एंजिन, पंखा व पंख या तिघांचीही ताकद घटते. वेगदर्शकावरील आकडा नेहमीचाच असतो, पण जमीन मात्र अधिक वेगाने मागे सरकते, आणि विमान आळसावल्यासारखे चढते.

अशा वेळी पंखांच्या मागील कडेच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, यांचा मोह आवरावा लागतो. पूर्ण खाली सोडलेले फ्लॅप हवेचा विरोध वाढवून चढण रोखतात. मात्र ते एकदम मिटले तर उचल नाहीशी होऊन विमान खाली बसते. म्हणून वेग वाढेल तसतसे ते टप्प्याटप्प्याने मिटावयाचे. नियंत्रण मनोऱ्याशी बोलणे त्यानंतर. विमान निश्चितपणे चढू लागेपर्यंत मनोऱ्याने वाट पाहावी.