मधुमेही गृहिणीचा आहार

शेतीच्या मासिकांत आजाराचा विषय कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या गृहिणीच्या कष्टांवर घर उभें असतें, तिची प्रकृति बिघडली म्हणजे शेतीचीहि घडी विसकटते. म्हणून हा स्वानुभव सादर करीत आहें.

चार वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस मधुमेह असल्याचें आढळून आलें. उपाशीपोटीं रक्तांतील साखर दर डेसिलिटरला 126 मिलिग्रॅम किंवा अधिक अशी दोन वेळां भरली, म्हणजे हा रोग ठरतो. तिची 168 भरली. माझा जन्म महसूल खात्यांतील कारकुनींत गेलेला. घरांतहि मीं सक्तीची वसुली सुरू केली. भात बंद, भाकरी बंद, फळेंहि बंद! ती बिचारी नुसती पालेभाजी खाऊन गोळी घेई. पंधरवड्यानें एके पहांटे तिला दरदरून घाम सुटला व हात कांपूं लागले. साखर 58 वर उतरली होती. ती शुद्धीवर होती म्हणून तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासली, तेव्हां जीव भांड्यांत पडला. डॉक्टरांनीं मलाच दोष दिला, आणि तो रास्त होता.

त्यांनीं ताटाची वांटणी समजावून दिली. अर्ध्या ताटांत भाज्या व कोशिंबीर, पाव ताटांत डाळ, उसळ किंवा अंडें, आणि उरलेल्या पावांत भाकरी अथवा भात. बटाटा व रताळें भाजींत न धरतां धान्यांत धरावें. धान्यांतील पिष्टाची पोटांत साखरच होते. मात्र सोबत तंतु व प्रथिनें असल्यास ती रक्तांत सावकाश उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकांप्रमाणें 100 ग्रॅम ज्वारींत सुमारें 10 ग्रॅम तंतु असतात, तर सडलेल्या तांदळांत 3 ग्रॅमहि नसतात. तथापि ज्वारी म्हणजे औषध नव्हे. तिच्यांतहि दोनतृतीयांश पिष्टच आहे. म्हणून भाकरीहि मोजूनच खावी.

गूळ साखरेपेक्षां निर्धोक, हा समज चुकीचा आहे. एकादशीचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच होय. कारल्याच्या रसावर विसंबून डॉक्टरांचें औषध सोडूं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट जेवणाच्या वेळेची आहे. आपल्याकडे घरची बाई सर्वांच्या मागून, रात्रीं उशिरां, उरलेंसुरलें खाते. गोळी वेळेवर आणि जेवण अवेळीं, असा हिशेब जुळत नाहीं. आतां आम्ही सर्वजण सायंकाळीं साडेसातला एकाच पंक्तीस बसतों व एकच अन्न खातों. तिच्यासाठीं निराळें शिजत नाहीं. त्यामुळें तिला पथ्याचा कमीपणा वाटत नाहीं. जेवणानंतर आम्ही दोघें विहिरीपर्यंत चालून येतों.

गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी रक्ततपासणी आरंभीं 8.9 टक्के होती. आज ती 7 वर आहे. औषध व आहार या दोहोंचें हें फळ आहे. कोणास किती खावें हें ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीं ठरवावें. परंतु गृहिणीस आपल्या पंक्तीला घेऊन बसणें हें मात्र प्रत्येक यजमानाच्या हातीं आहे.