फवारणीच्या दिवसांतली ड्यूटी

विदर्भातलं सरकारी रुग्णालय. पोळा सरलाय, कपाशी डोक्याएवढी झालीय.

सकाळी ८
राउंड. फवारणीच्या विषबाधेचे तीन पेशंट. ३ नंबरचे काका परवा आले होते, आज चहा मागतायत.

११.००
कॅज्युअल्टीत नवा शेतमजूर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. मांडीवरची कातडी आतून वळवळतेय. वॉर्डबॉय मामा कपडे उतरवून अंग साबणाने धुतात.

नसेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन सुटतं तेव्हा स्नायू आखडतो, ग्रंथी पाझरते. काम झालं की एक एंझाइम त्याला मिलिसेकंदांत फोडून टाकतं. फवारणीतलं विष, ऑर्गॅनोफॉस्फेट, नेमकं त्या एंझाइमलाच जखडतं. निरोप पोचतो, पण थांबत नाही.

११.०५
ॲट्रोपिन. ०.६ मिलिग्रॅमचे तीन अँपुल, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट. इंटर्न बाहुल्या बघतोय. त्याला म्हटलं, "छाती ऐक. ती कोरडी व्हायला हवी."

दुपारी १
घरघर थांबली, नाडी १००. प्रालिडॉक्झिम सुरू आहे. ते एंझाइमला सोडवू शकतं, पण उशीर झाला तर पकड सुटत नाही. त्याच्या उपयोगाबद्दल डॉक्टरांत एकमत नाही.

४.००
५ नंबर चादर ओरबाडतोय, अंग तापलंय, पोटात आतड्यांचा आवाज नाही. विष नव्हे, ॲट्रोपिन जास्त झालं. ड्रिप बंद. शांत झाल्यावर कमी वेगाने पुन्हा.

६.००
"डॉक्टरसाहेब, आता बरं वाटून रायलं. सुट्टी देता का?" ३ नंबरचे काका.
"काका, उशीवरून मान उचला बरं."
उचलली नाही. एका दमात आकडे मोजायला सांगितले, अकरावर अडले.

७.३०
श्वास उथळ होत गेला. नळी घातली, व्हेंटिलेटर लावला.
मुलगा विचारतो, "विष तर उतरलं होतं ना?"
त्याला समजावलं: ॲट्रोपिन हृदय, ग्रंथी आणि श्वासनलिकांवरचे रिसेप्टर अडवतं. हातापायांच्या, मानेच्या, श्वासाच्या स्नायूंवरचे रिसेप्टर वेगळ्या जातीचे, तिथे त्याचं काही चालत नाही. ॲसिटिलकोलीनचा मारा चालूच राहिला की हे स्नायू प्रतिसाद देईनासे होतात. हे बहुधा पहिल्या ते चौथ्या दिवसात घडतं. बहुतेकांची ताकद परत येते, तोवर श्वास मशीनने द्यायचा.

९.००
सकाळच्या शेतमजुराच्या चार्टवर सिस्टरसाठी लिहिलं: छाती कोरडी असली तरी दर दोन तासांनी मान उचलायला लावणे. चार दिवस सुट्टी नाही.