अनेक जेव्हीएम, एक चाचणी

जावा, स्काला किंवा कोटलिनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम बाइटकोडच्या रूपात जावा व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे जेव्हीएमवर चालतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी जेव्हीएम ही एक प्रोसेस. तिची मेमरी वेगळी, थ्रेड वेगळे, मेमरीतला कचरा गोळा करणारी यंत्रणाही वेगळी. शेजारच्या जेव्हीएमच्या मेमरीत तिला डोकावता येत नाही. बोलायचे तर नेटवर्कवरून निरोप धाडावा लागतो. तिकीट आरक्षण किंवा बँकेचे व्यवहार अशा मोठ्या सेवांचे एका जेव्हीएमवर भागत नाही. त्या अनेक जेव्हीएमच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर चालतात, आणि समूहातल्या प्रत्येक जेव्हीएमला नोड म्हणतात.

अशा सॉफ्टवेअरची स्वयंचलित चाचणी घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकाच जेव्हीएममध्ये तीन नोड उभे करणे. चाचणी झटपट होते, चूक शोधणेही सोपे जाते. रोजच्या कामाला हा मार्ग चांगलाच आहे. पण क्लस्टर रात्री-बेरात्री ज्या चुकांमुळे कोलमडतो, नेमक्या त्याच इथे निसटतात. एका जेव्हीएममध्ये एका नोडने दुसऱ्याला ऑब्जेक्ट दिला, की बहुधा त्याचा नुसता पत्ता जातो. बाइट्समध्ये मोडून तो पलीकडे पुन्हा जुळवला जात नाही. त्यामुळे ज्याचे सीरियलायझेशनच होऊ शकत नाही, असा ऑब्जेक्टही चाचणीत बिनबोभाट पार होतो. स्टॅटिक व्हेरिएबलचे तसेच. एका नोडने त्यात लिहिलेले दुसऱ्याला आपोआप दिसते आणि माहिती पोचवणारा कोड लिहायचाच राहिला, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एखादा नोड खरोखर मारायचा, तर अख्खी प्रोसेसच मरते, चाचणीसकट. कचरा गोळा करताना एक जेव्हीएम काही सेकंद गोठली आणि बाकीच्यांनी तिला मृत ठरवले, हा प्रसंग तर एका प्रोसेसमध्ये उभाच करता येत नाही. गोठले तर सगळेच एकदम गोठतात.

मेव्हनच्या शुअरफायरमधले 'फोर्ककाउंट' किंवा ग्रेडलमधले 'मॅक्सपॅरललफोर्क्स' वापरूनही अनेक जेव्हीएम सुरू होतात, पण त्यांचा हेतू निराळा आहे. तिथे जेव्हीएम चाचण्यांचा ढीग आपसांत वाटून घेतात, एकमेकींशी बोलत नाहीत. वेळ वाचतो, क्लस्टरची परीक्षा होत नाही.

एकच चाचणी अनेक जेव्हीएमनी मिळून चालवायची, तर आधी त्या सुरू कराव्या लागतात. जावातला 'प्रोसेसबिल्डर' हे काम करतो. चालू जेव्हीएमला स्वतःचे 'जावा.होम' आणि 'जावा.क्लास.पाथ' ठाऊक असतात. तेच नव्या प्रोसेसला दिले, की तीही तोच कोड घेऊन उभी राहते. इथे एक जुना सापळा आहे. चाइल्ड प्रोसेसचे आउटपुट पाइपमधून येते आणि लिनक्सवर या पाइपची क्षमता सहसा ६४ किलोबाइट असते. मूळ प्रोसेसने ते वाचले नाही, तर पाइप भरतो आणि चाइल्ड प्रोसेस पुढची ओळ छापतानाच अडून बसते. लॉग थोडा असेपर्यंत चाचणी पार होते. कोणी लॉगची पातळी 'डीबग'वर नेली की ती लटकते, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. म्हणून प्रत्येक प्रोसेसचे आउटपुट स्वतंत्र थ्रेडने वाचावे किंवा सरळ फाइलमध्ये वळवावे.

पोर्टचा घोळही असाच. कोडमध्ये ठरावीक पोर्ट लिहून ठेवला, की एका मशीनवर दोन बिल्ड एकदम चालताच चाचण्या आपटतात. शून्य क्रमांकाचा पोर्ट मागितला, तर ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच एखादा मोकळा पोर्ट देते. काही ठिकाणी मूळ प्रोसेस असा पोर्ट उघडून बंद करते आणि तो आकडा चाइल्ड प्रोसेसला देते. मधल्या क्षणात तिसरीच प्रोसेस तो बळकावू शकते. त्यापेक्षा चाइल्ड प्रोसेसनेच शून्यावर पोर्ट उघडावा आणि मिळालेला क्रमांक आउटपुटच्या ठरलेल्या ओळीत छापावा. ती ओळ दिसली, म्हणजे नोड तयार आहे हेही कळते.

खरी कसोटी लागते ती ताळमेळाची. 'ब'ने विचारण्याआधी 'अ' तयार हवा, आणि 'ब'चे काम आटोपल्यावरच 'अ' मरायला हवा. 'थ्रेड.स्लीप' वापरून पाच सेकंद थांबणे हा यावरचा सर्वांत वाईट उपाय. वेगवान मशीनवर तो वेळ वाया घालवतो आणि दमलेल्या बिल्ड सर्व्हरवर पुरत नाही. मग चाचणी कधी पार होते, कधी नापास. लोक ती पुन्हा चालवून पाहू लागतात आणि तिच्यावरचा विश्वास उडतो. घड्याळाच्या भरवशावर राहण्याऐवजी बॅरिअर वापरावा. पंगतीत शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, तसे सगळे नोड ठरलेल्या नावाच्या बॅरिअरपाशी पोचल्याशिवाय कोणीच पुढची पायरी चढत नाही.

या पद्धतीची सर्वांत नेटकी बांधणी अक्का या लायब्ररीत पाहायला मिळते. जोनास बोनेर यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००९ मध्ये लोकांपुढे आला, आणि क्लस्टर तपासण्याची गरज त्याच्या विकसकांना स्वतःलाच होती. एसबीटी या बिल्ड साधनासाठीच्या त्यांच्या प्लगइनमध्ये क्लासच्या नावात 'मल्टीजेव्हीएम' हा शब्द आला, की त्याआधीचा भाग चाचणीचे नाव आणि नंतरचा भाग नोडचे नाव समजला जातो. 'आरक्षणमल्टीजेव्हीएमनोड१', 'नोड२' असे चार क्लास लिहिले, की चार जेव्हीएम सुरू होतात आणि आउटपुटच्या ओळीपुढे ती कोणत्या जेव्हीएमची हे छापून येते. चारही जेव्हीएम एकच कोड चालवतात. 'रनऑन'च्या कंसातला भाग मात्र नेमून दिलेल्या नोडवरच चालतो.

समजा, डब्यातले आसन क्रमांक ३२ दोघांना विकले जात नाही, हे तपासायचे आहे. पहिला नोड चाचणीचा संचालक, बाकी अ, ब आणि क. आरक्षणाची वही सांभाळणारा अॅक्टर, म्हणजे निरोपांवर चालणारा घटक, क्लस्टरमध्ये एकच असतो आणि तो सर्वांत जुन्या नोडवर राहतो, म्हणून 'अ'ला आधी क्लस्टरमध्ये घेतात. 'क्लस्टर तयार' या बॅरिअरनंतर 'ब' आसन मागतो आणि त्याला ते मिळते. 'आसन दिले' या बॅरिअरनंतर संचालक 'अ'ला बंद करतो. आता 'क' तेच आसन मागतो, आणि त्याला नकारच मिळायला हवा. उत्तर लगेच येत नाही. नोड जिवंत असल्याची खूण म्हणून एकमेकांना ठोके, म्हणजे हार्टबीट, पाठवतात. नोड मेल्याची शंका यायला या ठोक्यांत खंड पडावा लागतो. अक्कात सवलतीचा खंड मुळात ३ सेकंदांचा आहे. क्लस्टर दुभंगल्यावर कोणते नोड टिकवायचे हे ठरवणारा स्प्लिट ब्रेन रिझॉल्व्हर चालू असेल, तर तो परिस्थिती स्थिर होण्याची आणखी २० सेकंद वाट पाहतो. बॅरिअरची मुदत ३० सेकंदांची, म्हणजे हाती फारसे उरत नाही. चाचणीच्या कॉन्फिगरेशनमध्ये हे २० सेकंद कमी करणे आणि 'अवेटअसर्ट'ने उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणे, हे दोन्ही करावे लागते. संचालक हा नेहमी पहिला नोड असतो आणि तोच मारला तर चाचणीच मोडते. म्हणून त्याला सेवेचे कुठलेही काम न देणे चांगले.

नोड कसा मरतो, यालाही महत्त्व आहे. 'सिस्टीम.एक्झिट'ने गेलेली जेव्हीएम आधी शटडाउन हुक चालवते, त्यामुळे ती साथीदारांचा निरोप घेऊन जाऊ शकते. वीज गेल्यावर असा निरोप कोणी घेत नाही. ती अवस्था हवी असेल, तर 'किल -९' वापरावे. शेलमध्ये तेव्हा एक्झिट कोड १३७ दिसतो. याहून बोधप्रद प्रयोग म्हणजे 'किल -स्टॉप'. प्रोसेस जिवंत राहते पण गोठते. बाकीचे तिला मृत समजून तिचे काम वाटून घेतात. मग 'किल -कॉन्ट' दिले, की ती जागी होते, आणि वही अजून आपल्याकडेच आहे असे तिला वाटत असते. त्या क्षणी तिने ३२ क्रमांक विकला, तर रचनेतच खोट आहे. नेटवर्क तोडण्यासाठी अक्कात 'ब्लॅकहोल' आहे. त्यासाठी 'टेस्टट्रान्सपोर्ट' आधी चालू करावा लागतो. दोन्ही बाजू जिवंत आहेत पण एकमेकींना ऐकू येत नाही, ही अवस्था त्याने साधते.

नेटवर्क तोडले तरी संचालकाचा हुकूम पोचलाच पाहिजे. म्हणून बॅरिअरचे निरोप अक्का वेगळ्या टीसीपी जोडणीवरून पाठवते. वेगळे सांगितले नाही, तर तिचा पोर्ट ४७११. एरिक्सनमध्ये जन्मलेल्या अर्लांग भाषेतही हाच विचार दिसतो. तिच्या बीम या व्हर्च्युअल मशीनचे नवे नोड चाचणीतून सुरू करण्यासाठी २०२२ च्या ओटीपी २५ या आवृत्तीत 'पीअर' हे मॉड्यूल आले. त्यात नोडशी असलेली जोडणी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरूनही ठेवता येते. नोडांमधले नेटवर्क कापले तरी चाचणीचा ताबा सुटत नाही.

खर्चाचा हिशेबही मांडावा लागतो. वेगळे काही सांगितले नाही, तर जेव्हीएम मशीनच्या मेमरीचा चौथा हिस्सा आपल्या हीपची कमाल मर्यादा धरते. १६ जीबीच्या मशीनवर चार जेव्हीएम म्हणजे कागदावर सगळी मेमरी संपली. म्हणून प्रत्येक नोडला '-एक्सएमएक्स'ची मर्यादा द्यावी. 'नॅनोटाइम'चे आकडे दोन जेव्हीएममध्ये ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येकीचा आरंभबिंदू वेगळा असू शकतो. कोणती घटना आधी घडली हे बॅरिअरवरूनच ठरवावे. कोड कव्हरेज मोजणारा जाकोको आपली नोंद सहसा जेव्हीएम बंद होताना लिहितो, त्यामुळे 'किल -९'ने मारलेल्या नोडचा कोड तपासला गेला नाही असे अहवालात दिसू शकते.

सप्टेंबर २०२२ मध्ये अक्काचा परवाना बदलला. त्यानंतर तिच्या आधीच्या मुक्त आवृत्तीवरून अपाचे पेक्को हा प्रकल्प निघाला आणि चाचणीची ही साधनेही त्यात आली. एका मशीनवर नीट चाललेली चाचणी याच साधनांनी अनेक मशीनवर नेता येते: कोड आरसिंकने पोचवला जातो आणि जेव्हीएम एसएसएचवरून सुरू केल्या जातात. अशा चाचण्या सावकाश चालतात. त्यामुळे सीरियलायझेशन आणि नोड मरणे तपासणाऱ्या मोजक्या चाचण्या प्रत्येक कमिटला, आणि नेटवर्क तोडणाऱ्या लांबलचक चाचण्या रात्रीच्या बिल्डमध्ये, ही विभागणी सोयीची ठरते.