घरातील संगणक : बिघाडाचे निदान व संचालन प्रणालीची निवड

शेतकऱ्याच्या घरात आलेला संगणक आता केवळ मुलांच्या अभ्यासाचे साधन राहिलेला नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घेणे, महाडीबीटीवर योजनेचा अर्ज भरणे, दुधाचा व मजुरीचा हिशेब ठेवणे, बाजारभाव पाहणे अशी अनेक कामे त्यावर होतात. असा संगणक ऐन अर्जाच्या मुदतीत बंद पडला, तर एका हंगामाची संधी हातची जाते. घाईने केलेल्या दुरुस्तीत कित्येक वर्षांचा हिशेब पुसला गेला, तर ती हानी पैशाने भरून येत नाही.

त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीस नेहमीचा विनामूल्य आधार देणे थांबविले. ज्यांच्या संगणकावर ‘विंडोज ११’ बसत नाही, त्यांना नवा संगणक घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पुष्कळदा हा खर्च टाळता येण्याजोगा असतो. जनावर आजारी पडले म्हणजे जाणता शेतकरी ते लगेच बाजारात नेत नाही. दुखणे कोठे आहे ते आधी पाहतो. संगणकाच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावयास हवा.

संगणकाचे तीन भाग

निदान करण्यापूर्वी संगणकाची रचना थोडक्यात समजून घेणे इष्ट आहे. पहिला भाग यंत्राचा. त्यात प्रोसेसर, रॅम, माहिती साठविणारी डिस्क, वीजपुरवठा, पडदा इत्यादी येतात. दुसरा भाग संचालन प्रणालीचा, म्हणजे बोलण्यात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात तिचा. विंडोज व लिनक्स या अशा प्रणाली होत. तिसरा भाग आपण प्रत्यक्ष वापरतो त्या प्रोग्रॅमचा : हिशेबाचा, पत्रलेखनाचा, इंटरनेट पाहण्याचा.

कालव्यात पाणी असते व ते हवे असणारी शेते अनेक असतात. कोणास केव्हा व किती पाणी द्यावयाचे, हे पाटकरी ठरवितो. यंत्र हा कालवा, प्रोग्रॅम ही शेते आणि संचालन प्रणाली हा पाटकरी असे समजावे. प्रोसेसरचा वेळ व रॅममधील जागा ती प्रत्येक प्रोग्रॅमला पाळीपाळीने देते. पिकाला पाणी मिळाले नाही, तर दोष कालव्याचा, पाटकऱ्याचा की शेतातील दांडाचा, हे जसे पाहावे लागते, तसेच येथेही पाहावे लागते.

दुरुस्तीपूर्वी माहितीची राखण

कोणत्याही दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी आपली कागदपत्रे, फोटो व हिशेब यांची प्रत काढावी. संगणक चालू होत असेल, तर हे काम त्याच दिवशी करावे. पेरणीचे बियाणे सगळे एकाच कणगीत कोणी ठेवीत नाही. त्याचप्रमाणे एक प्रत बाह्य डिस्कवर व दुसरी अन्य ठिकाणी ठेवावी. दुकानात संगणक देताना ‘फॉरमॅट’ हा शब्द ऐकू आला, तर सावध व्हावे. फॉरमॅट केल्याने त्या जागेवरील माहिती जाते व ती परत मिळेलच याची शाश्वती नसते.

काही संगणकांत डिस्क ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी किल्ली वहीत लिहून ठेवावी. ती नसेल तर दुरुस्तीनंतर आपलीच माहिती आपणास उघडता येत नाही.

लक्षणे व उपाय

१. संगणकात वीजच येत नाही : त्याच सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. वायर, स्टॅबिलायझर किंवा यूपीएस एकेक करून तपासावे. लॅपटॉप असल्यास चार्जर काढावा, चालू करण्याचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे व नंतर चार्जर पुन्हा लावावा. बॅटरी फुगलेली दिसल्यास संगणक वापरू नये व बॅटरी टोचू नये. संगणकाच्या धातूच्या भागास हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घरातील अर्थिंग तपासून घ्यावे. भारनियमनानंतर वीज परत येताना दाब कमीजास्त होतो. अशा वेळी प्लग काढून ठेवणे श्रेयस्कर.

२. वीज आहे पण पडदा काळा राहतो : पडद्याची केबल दोन्ही टोकांस घट्ट बसवावी. चालू करताना बीप असे आवाज येत असतील, तर त्यांची संख्या मोजावी. आवाजांचा अर्थ कंपनीनुसार बदलतो व तो माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. रॅमची पट्टी सैल होणे हे नेहमीचे कारण आहे. वीज पूर्ण तोडून पट्टी काढावी, तिची टोके स्वच्छ कोरड्या कापडाने पुसावी व ती पुन्हा नीट बसवावी.

३. तारीख मागे जाते : संगणक प्रत्येक वेळी जुनी तारीख दाखवीत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला असे समजावे. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत तो ‘सीआर २०३२’ जातीचा, ३ व्होल्टचा असतो व त्यास खर्च अल्प येतो. तारीख चुकली म्हणजे बँकेची व शासकीय संकेतस्थळे ‘असुरक्षित’ असा इशारा देऊन उघडण्याचे नाकारतात. सेल बदलावयाचा सोडून इंटरनेटला दोष देत बसणारे पुष्कळ असतात.

४. डिस्कमधून टकटक आवाज येतो : हे लक्षण गंभीर आहे. संगणक वारंवार बंद-चालू करू नये. महत्त्वाची माहिती ताबडतोब दुसरीकडे उतरवावी आणि डिस्क बदलावी.

५. संगणक फार मंद चालतो : कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबल्यास विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर, रॅम व डिस्क यांपैकी कशावर ताण आहे, हे तेथे दिसते. डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ असेल व डिस्क फिरत्या जातीची असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसविल्याने बहुधा मोठा फरक पडतो. रॅम भरलेली असेल, तर ती वाढवावी. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे निरुपयोगी प्रोग्रॅम बंद करावेत.

६. थोड्या वेळाने तापून बंद पडतो : गावात धूळ, कडब्याचा भुसा व कापसाचे तंतू पंख्यात अडकतात. यंत्र तापले म्हणजे प्रोसेसर आपली गती आपणच कमी करतो व अखेरीस संगणक बंद पडतो. वीज तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशने धूळ काढावी. लॅपटॉप गादीवर किंवा घोंगडीवर ठेवून वापरू नये.

७. इंटरनेट चालत नाही : त्याच वायफायवर मोबाईल चालतो काय ते पाहावे. मोबाईलही चालत नसेल, तर दोष राऊटरचा किंवा जोडणीचा. मोबाईल चालत असेल, तर दोष संगणकात शोधावा.

एका वेळी एकच बदल

शेतात एकाच वेळी नवे बियाणे, नवे खत व नवी फवारणी केली आणि उत्पन्न वाढले, तर कशामुळे वाढले हे सांगता येत नाही. म्हणूनच प्रयोगाच्या वाफ्यात एका वेळी एकच गोष्ट बदलतात. संगणकाची तपासणीही अशीच करावी. एक बदल करावा, परिणाम पाहावा, तो लिहून ठेवावा आणि मगच दुसऱ्याकडे वळावे. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवावा किंवा त्याचा मोबाईलने फोटो घ्यावा. बिघाडापूर्वी कोणता प्रोग्रॅम किंवा कोणते उपकरण नव्याने जोडले होते, हे आठवावे. निम्मे निदान तेथेच होते.

पेन ड्राइव्हची परीक्षा

दोष यंत्राचा की प्रणालीचा, हे ठरविण्याची एक चांगली रीत आहे. लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उतरविता येते व संगणक त्यावरून चालू करता येतो. ‘बसवा’ असा पर्याय निवडीपर्यंत डिस्कवरील माहितीस धक्का लागत नाही. या प्रणालीवर संगणक व्यवस्थित चालला, तर यंत्र बहुतांशी धड आहे व दोष विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे, असे अनुमान काढता येते. येथेही तोच बिघाड दिसला, तर यंत्राकडे पाहावे. पेन ड्राइव्ह तयार करताना त्यावरील पूर्वीची सर्व माहिती जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कोणती प्रणाली निवडावी

जमीन पाहून वाण निवडतात. संगणकाची कुवत व घरातील काम पाहून प्रणाली निवडावी.

विंडोज १० : ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी आली. आधार संपल्यावरही ती चालते, पण तिच्यात नव्याने सापडणारी भगदाडे बुजविली जात नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची योजना जाहीर केली होती. हा उपाय तात्पुरताच होय. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या घातक प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याचे भगदाड बुजविणारी सुधारणा मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ती न घेतलेले संगणक त्यास बळी पडले. आधार नसलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार का करू नयेत, हे यावरून समजेल.

विंडोज ११ : ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. तिला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. इंटेलचे सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचे व त्यापुढील प्रोसेसर तिला चालतात. कित्येकदा टीपीएम संगणकात असते, पण बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू करताच अडचण दूर होते. टॅलीसारखा हिशेबाचा प्रोग्रॅम, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा बोटाचे ठसे घेणारे यंत्र ज्यांना रोज लागते, त्यांना विंडोज अधिक सोयीची. दुकानदार स्वस्तात बसवून देतो ती चोरटी प्रत घेऊ नये. तीत काय मिसळले आहे ते कळत नाही.

लिनक्स : फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये या प्रणालीच्या गाभ्यास आरंभ केला. उबुंटू व मिंट हे तिचेच प्रकार होत; भारतात सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ हा प्रकार तयार केला आहे. हे प्रकार विनामूल्य मिळतात. मिंटला किमान २ जीबी रॅम चालते, पण ४ जीबी असलेली बरी. पत्रे व हिशेबाचे तक्ते करण्यासाठी लिबरऑफिस हा प्रोग्रॅमही विनामूल्य आहे. उणीव अशी की, विंडोजसाठी केलेले प्रोग्रॅम त्यावर सरळ चालत नाहीत व काही प्रिंटर जुळत नाहीत. यास्तव आपला प्रिंटर व इतर उपकरणे पेन ड्राइव्हवरील प्रणालीतच आधी चालवून पाहावीत.

क्रोमओएस फ्लेक्स : ही गूगलची विनामूल्य प्रणाली असून तिला ४ जीबी रॅम व १६ जीबी साठवण लागते. ज्या घरात सर्व काम इंटरनेटवरच होते, तेथे ती पुरेशी आहे. इंटरनेटची जोडणी वारंवार तुटते अशा गावी तिचा उपयोग मर्यादित राहील.

मराठी लेखनाची एक अडचण

प्रणाली बदलल्यावर जुन्या मराठी फाइली उघडल्या तर अक्षरांऐवजी रोमन लिपीतील निरर्थक चिन्हे दिसतात, अशी तक्रार नेहमी येते. या फाइली युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. तो फॉन्ट नसेल तेथे त्या वाचता येत नाहीत. प्रणाली बदलण्यापूर्वी अशा फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. पुढील लेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकावा. तो विंडोज व लिनक्स या दोहोंत मिळतो, त्यामुळे एकदा बसलेला हात वाया जात नाही.

फसवणुकीपासून सावध

‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश पडद्यावर आला, तर फोन करू नये. कोणी दुरून संगणक हाताळण्याची परवानगी मागितल्यास ती देऊ नये व ओटीपी कोणासही सांगू नये. पैसे गेलेच, तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा एक पेन ड्राइव्ह तयार करून ग्रामपंचायतीत किंवा शाळेत प्रात्यक्षिक घडवून आणावे. गावात बंद पडून असलेले दोन-तीन संगणक आणवून, सर्वांसमक्ष वर सांगितलेल्या क्रमाने तपासावेत. माहितीची प्रत प्रथम, निदान नंतर, खर्च सर्वांत शेवटी, हा क्रम शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवावा. ज्यांचे काम लिनक्सवर भागते, त्यांना ती दाखवावी; ज्यांना विंडोजच लागते, त्यांना तसे स्पष्ट सांगावे. एसएसडी किंवा रॅमच्या खर्चात जुना संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडणार असेल, तर नव्या संगणकासाठी ठेवलेला पैसा बी-बियाण्यास व मुलांच्या शिक्षणास लावता येईल.