भारत राष्ट्रीय फुटबॉल संघाचा आंतरराष्ट्रीय इतिहास

भारत राष्ट्रीय फुटबॉल संघ हा आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये भारताचे प्रतिनिधित्व करणारा पुरुषांचा संघ आहे. त्याचे नियंत्रण १९३७ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आहे. संघाने आशियाई खेळांत दोन सुवर्णपदके मिळवली असून ऑलिंपिकमध्ये एकदा चौथा क्रमांक पटकावला आहे; विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत मात्र तो कधीही खेळलेला नाही.

== ऑलिंपिक आणि १९५० चा विश्वचषक ==
स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी स्पर्धा म्हणजे १९४८ चे लंडन ऑलिंपिक. बहुतांश खेळाडू अनवाणी खेळलेल्या या संघाला फ्रान्सने २-१ असे हरवले. भारताने त्या सामन्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या.

१९५० च्या विश्वचषकासाठी पात्रता गटातील इतर संघांनी माघार घेतल्याने भारत न खेळताच पात्र ठरला. परंतु त्यानेही संघ पाठवला नाही. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे ही माघार घेतली, अशी समजूत रूढ आहे. तथापि त्या संघाचे नियोजित कर्णधार शैलेन मन्ना यांनी पुढे हे कारण नाकारले. ब्राझीलपर्यंतचा दीर्घ प्रवास आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला दिले जाणारे महत्त्व ही कारणे अधिक ग्राह्य मानली जातात.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला. त्यानंतर खेळाडूंना बूट सक्तीचे करण्यात आले.

== सुवर्णकाळ (१९५१-१९६२) ==
प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ च्या दिल्ली आशियाई खेळांत इराणला १-० असे नमवून सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर ४-२ असा विजय मिळवताना मूळ गोव्याचे आणि मुंबईकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी हॅटट्रिक नोंदवली. ऑलिंपिक फुटबॉलमधील आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक होय. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून आणि कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून हरल्याने भारत चौथा आला. १९६० चे रोम ऑलिंपिक हे फुटबॉलमधील भारताचे आजवरचे शेवटचे ऑलिंपिक ठरले.

१९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत चुनी गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालील संघाने, साखळी सामन्यात ज्यांच्याकडून हार पत्करली होती त्याच दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे हरवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले. पुढच्याच वर्षी रहीम यांचे निधन झाले.

== उतरता काळ ==
१९६४ च्या आशिया चषकातील उपविजेतेपद आणि १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांतील कांस्यपदक यांनंतर संघाची खंडीय पातळीवर पीछेहाट झाली. विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे सामने भारत प्रत्यक्षात प्रथम खेळला तो १९८६ च्या स्पर्धेसाठी, म्हणजे १९५० ची संधी सोडल्यानंतर तब्बल साडेतीन दशकांनी. तोवर आशियातील इतर देश बरेच पुढे गेले होते.

== अलीकडील कामगिरी ==
दक्षिण आशियाई (सॅफ) अजिंक्यपद भारताने २०२३ पर्यंत नऊ वेळा जिंकले. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात सुनील छेत्री यांच्या हॅटट्रिकच्या बळावर ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव झाला. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ असे हरवून भारताने त्या स्पर्धेत १९६४ नंतरचा पहिला विजय मिळवला. पुढच्या, २०२४ च्या प्रारंभी कतारमध्ये झालेल्या आशिया चषकात मात्र संघाला एकही गोल करता आला नाही.