माथ्यावरचे रान : माथेरान

उन्हाळा आला, की मैदानी प्रदेशातील लोकांना थंड हवेची आठवण होते. उत्तर भारतातील लोक हिमालयाकडे धाव घेतात. सिमला, मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग ही तेथील थंड हवेची ठिकाणे प्रसिद्ध आहेत. वसई-विरारहून हिमालय फार दूर आहे. पण दाट झाडी, धुके, खोल दऱ्या आणि वळणे घेत डोंगर चढणारी छोटी आगगाडी, हे सारे आपल्याला एका दिवसाच्या सफरीतही पाहता येते. त्यासाठी माथेरानला जावे लागते.

माथेरान रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. ‘माथ्यावरचे रान’ म्हणून ‘माथेरान’, असा या नावाचा अर्थ सांगतात. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 800 मीटर आहे. सिमला व दार्जिलिंग ही गावे दोन हजार मीटरपेक्षाही उंच आहेत. त्यांच्यापुढे माथेरान लहानच. पण दोन्हींकडे थंडावा मिळण्याचे कारण एकच आहे. आपण जसजसे वर जातो, तसतशी हवा विरळ होत जाते. विरळ हवा पसरते आणि पसरताना थंड होते. साधारणपणे एक किलोमीटर वर गेल्यावर तापमान सहा-साडेसहा अंशांनी कमी होते. म्हणून वसईत घामाच्या धारा लागलेल्या असतात, तेव्हा माथेरानच्या सावलीत बसणाऱ्याला गारवा जाणवतो.

हिमालय आणि सह्याद्री यांच्या जन्माची कहाणी मात्र वेगळी आहे. जमिनीचे दोन प्रचंड भाग एकमेकांवर रेटले गेले आणि त्यांना घड्या पडून हिमालय उभा राहिला. त्याची शिखरे टोकदार व बर्फाच्छादित आहेत. सह्याद्रीचा खडक लाव्हारसापासून बनलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हारस बाहेर पडला. त्याचे थरावर थर साचले व थंड झाले. पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कोरले. म्हणून आपल्याकडील पुष्कळ डोंगरांचे माथे सपाट आणि कडे मात्र भिंतीसारखे उभे असतात. माथेरानचा डोंगर असाच आहे. तो सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून अलग उभा आहे. त्यामुळे त्याच्या माथ्यावरून चारी दिशांचा मुलूख दिसतो.

माथेरानच्या रानात ठाकर, कातकरी, धनगर हे लोक पूर्वीपासून ये-जा करीत होते. शहरातील लोकांना मात्र हे ठिकाण ठाऊक नव्हते. 1850 सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी चौक या गावी होता. ते डोंगर चढून वर गेले. वरची हवा आणि झाडी पाहून ते इतके खूश झाले, की पुढे त्यांनी तेथे घरच बांधले. एक गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या काळी माथेरान ठाणे जिल्ह्यात होते आणि आपली वसईही ठाणे जिल्ह्यातच होती. म्हणजे वसई आणि माथेरान यांचा कारभार एकच कलेक्टर पाहत होते. वसईचा समावेश असलेला पालघर जिल्हा तर 2014 साली निर्माण झाला.

मॅलेट यांच्यानंतर माथेरानला बंगले उभे राहिले. मुंबईचे श्रीमंत लोक उन्हाळ्यात तेथे राहायला जाऊ लागले. पण वर जायचे कसे? पायथ्याच्या नेरळ गावापर्यंत आगगाडी होती. तेथून पुढे घोडा, पालखी किंवा पायी चालणे एवढेच मार्ग होते. ही अडचण दूर करण्याचे काम मुंबईचे एक बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी मनावर घेतले. त्यांचे कुटुंब मोठे दानशूर होते. डोंगरावर रेल्वे नेण्यासाठी त्यांनी सुमारे सोळा लाख रुपये खर्च केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी कामावर देखरेख केली. 1904 साली काम सुरू झाले आणि 1907 साली पहिली गाडी माथेरानला पोहोचली.

ही रेल्वे आपल्या लोकलसारखी नाही. लोकलच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट असते. माथेरानच्या रेल्वेचे रूळ अवघे दोन फूट अंतरावर आहेत. हिमालयातील दार्जिलिंगची रेल्वेही दोन फुटी असून ती 1881 साली सुरू झाली. डोंगरात असे अरुंद रूळ का टाकतात? रूळ जेवढे जवळ, तेवढी गाडी लहान. आणि गाडी जेवढी लहान, तेवढे अवघड वळण तिला घेता येते. डोंगराच्या कुशीत रुंद रस्ता करायचा, तर कितीतरी खडक फोडावा लागतो. लहान गाडीला थोडी जागा पुरते. नेरळहून माथेरान सरळ रेषेत जवळ आहे. पण आगगाडीला एकदम उभा चढ चढता येत नाही. म्हणून तिचा मार्ग सापासारखा वळणे घेत सुमारे वीस किलोमीटर लांब झाला आहे. काही ठिकाणी तर वीस मीटर पुढे गेले, की गाडी एक मीटर वर चढते. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्टेशने लागतात. एवढ्या लांबच्या वाटेत बोगदा फक्त एक आहे, तोही लहानसा. गाडीचा वेग इतका कमी असतो, की झाडाची पाने न् पाने ओळखता येतात. ज्याला घाई आहे, त्याने या गाडीत बसूच नये!

माथेरानला जायचे, तर वसई रोड किंवा विरारहून लोकलने दादरला यावे. तेथे पूल ओलांडून मध्य रेल्वेवर जावे आणि कर्जत किंवा खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरावे. नेरळहून छोटी गाडी सुटते. मात्र पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात. कारण दरडी कोसळण्याचा व रूळ वाहून जाण्याचा धोका असतो. 2005 च्या जुलैतील अतिवृष्टीने या रेल्वेचे फार नुकसान केले. ती पुन्हा सुरू व्हायला 2007 साल उजाडले. 2019 च्या पावसानेही मार्ग उखडला आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये गाडी पुन्हा नेरळहून माथेरानपर्यंत धावू लागली. नेरळहून मोटारीनेही घाट चढता येतो. पण मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढचे अडीच-तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने जावे लागते.

मोटार पुढे का जात नाही? कारण माथेरानात मोटारगाड्यांना बंदी आहे. रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी यांचा अपवाद. त्यामुळे तेथे कर्कश हॉर्न नाही, धूर नाही. पहाटे शीळ घालणाऱ्या कस्तुर पक्ष्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. 2003 साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. म्हणजे तेथे वाटेल तसे बांधकाम करता येत नाही आणि झाडे तोडता येत नाहीत.

माथेरानात पाहण्याच्या जागांना ‘पॉइंट’ म्हणतात. प्रत्येक पॉइंट म्हणजे कड्याच्या टोकावरची मोकळी जागा. उत्तरेच्या टोकाला पॅनोरमा पॉइंट आहे. तेथून सूर्योदय पाहावा. पश्चिमेकडील पॉर्क्युपाइन पॉइंटवरून सूर्यास्त सुंदर दिसतो. लुइझा पॉइंटवर उभे राहिले, की समोर प्रबळगडाचा विस्तीर्ण किल्ला दिसतो. एको पॉइंटवर जाऊन मोठ्याने हाक मारा. समोरचा कडा तुमचीच हाक तुम्हाला परत देईल. आवाज एका सेकंदात सुमारे 340 मीटर जातो. कड्यावर आदळून तो परत येईपर्यंत थोडा वेळ जातो, म्हणून आपल्याला दुसरी हाक वेगळी ऐकू येते. लहानशा खोलीत आवाज लगेच परततो आणि मूळ आवाजात मिसळून जातो. तेथे प्रतिध्वनी ऐकू येत नाही. दाट झाडीत शार्लट तलाव आहे. माथेरानकरांना त्यातून पिण्याचे पाणी मिळते. पाहुण्यांची संख्या वाढल्यामुळे हे पाणी पुरत नाही. खालून उल्हास नदीचे पाणीही पंपाने वर चढवावे लागते. डोंगरावर पाण्याचा एक पेला किती कष्टाने पोहोचतो, हे पाहुण्यांनी विसरू नये.

माथेरानची लाल माती आपल्या कपड्यांना व बुटांना चिकटून घरापर्यंत येते. हा जांभ्या दगडाचा प्रदेश आहे. झाडांची मुळे ही माती धरून ठेवतात. झाडे तुटली किंवा वाटा उघड्या पडल्या, की मुसळधार पावसात माती वाहून जाते.

आता माथेरानच्या एका अवघड प्रश्नाकडे पाहू. मोटारींना बंदी असल्याने ओझी कोण वाहणार? म्हाताऱ्या माणसांना व आजाऱ्यांना कोण नेणार? हे काम वर्षानुवर्षे घोडे, हमाल आणि हातरिक्षा ओढणारे लोक करीत आले. हातरिक्षात एक माणूस बसतो आणि दोन-तीन माणसे चढावर ती ओढतात व ढकलतात. पाऊस असो, ऊन असो, दम लागलेला असो, त्यांना थांबता येत नाही. निसर्ग स्वच्छ राहिला. पण त्याची किंमत या मजुरांनी आपल्या घामाने दिली. म्हणून रिक्षा ओढणाऱ्यांनी विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षांची मागणी केली. माथेरानच्या एका निवृत्त शिक्षकांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 2022 च्या डिसेंबरमध्ये प्रयोग म्हणून ई-रिक्षा सुरू झाल्या. शाळेत जाणाऱ्या मुलांची मोठी पायपीट त्यामुळे वाचली. घोडेवाल्यांना मात्र आपला रोजगार जाईल, अशी भीती वाटली. ई-रिक्षांची संख्या वाढत गेली, तर माथेरानची शांतता राहील का, अशी शंका काहींनी काढली. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की माणसाने माणसाला ओढणे हे माणुसकीला शोभत नाही; हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि ती ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांच्या रोजगाराची सोय करावी.

या प्रश्नातून आपल्याला बरेच शिकता येते. झाडे वाचवणे आवश्यक आहे, तसेच माणसाची इज्जत राखणेही आवश्यक आहे. एकासाठी दुसऱ्याचा बळी देणे योग्य नाही. घोडेवाल्याचे पोट, रिक्षावाल्याचा मान, शाळकरी मुलांचे पाय आणि डोंगरावरचे रान, या सर्वांचा विचार करून मार्ग काढावा लागतो. असा मार्ग सोपा नसतो. पण तोच टिकाऊ असतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही माथेरानला गेलात, तर काही गोष्टी जरूर पाळा. कड्याच्या टोकाशी धक्काबुक्की करू नका. माकडांना खाऊ देऊ नका. त्यांना सवय लागते आणि मग ती माणसांच्या हातातील पिशव्या ओढतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या परत घेऊन या. कारण वर टाकलेला कचरा कोणाला तरी वाहून खाली आणावा लागतो. सामान उचलणाऱ्या माणसाशी आदराने बोला. त्याचे वय वडिलांएवढे असेल, तर त्याला ‘काका’ म्हणा.

माथेरानला जाणे लगेच जमले नाही, तरी हरकत नाही. वसईच्या पूर्वेला पाहा. तेथे तुंगारेश्वरचा हिरवा डोंगर उभा आहे. तेथेही दाट झाडी आहे, पावसाळ्यात झरे वाहतात आणि 2003 साली त्या रानालाही अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. माथेरानात जे नियम पाळायचे, तेच येथेही पाळायचे आहेत. दूरचा डोंगर पाहायला पैसा आणि सुट्टी लागते. जवळचा डोंगर राखायला मात्र केवळ चांगली सवय पुरते.

स्वाध्याय

1. माथेरान हे नाव कसे पडले असे सांगतात?
2. डोंगरावरील रेल्वेचे रूळ अरुंद का असतात?
3. एको पॉइंटवर प्रतिध्वनी ऐकू येतो. लहान खोलीत का ऐकू येत नाही?
4. हातरिक्षांच्या प्रश्नात कोणाकोणाचा विचार करावा लागतो? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
5. तुमच्या गावाजवळील डोंगर, किल्ला किंवा तलाव यांची माहिती मोठ्या माणसांना विचारून लिहा.