घंटेवरचे साल

वसई किल्ल्यातल्या सेंट जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. त्यात घंटा मात्र नाही. मे १७३९ मध्ये किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती आला आणि १५३४ पासूनचा पोर्तुगीज अंमल संपला. विजयाची खूण म्हणून वसई मुलखातल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या, देवळांत टांगल्या गेल्या. आज मोठी परदेशी घंटा दिसली की ‘ही वसईची’ असे सांगितले जाते. त्याची शहानिशा कशी करायची? आधी घंटेची घडण वाचायची.

युरोपीय पद्धतीत ओतारी मातीचा गाभा करी. त्यावर घंटेच्या जाडीचा मातीचाच थर चढवून ‘खोटी घंटा’ घडवी आणि तिच्यावर मेणाची अक्षरे, अंक, क्रूस, मूर्ती चिकटवी. बाहेरून साचा लिंपून भट्टी लावली की मेण वितळे आणि साच्यात अक्षरांचे खळगे उरत. मग साचा उचलून खोटी घंटा काढून टाकायची, साचा परत बसवायचा आणि पोकळीत कांसे ओतायचे. त्यात साधारण चार भाग तांबे, एक भाग कथील. म्हणून ओतीव अक्षर उठावाचे असते. छिन्नीने खोदलेले अक्षर आत गेलेले असते आणि ते कोणीही, कधीही घालू शकतो. उठावाचे साल हा घंटेचा जन्मदाखला. खोदलेले साल ही नंतरची नोंद.

झीजही बोलते. चर्चची घंटा दोराने अख्खी झुलते, त्यामुळे लोलक काठाच्या दोन समोरासमोरच्या जागीच आदळत राहतो. देवळात घंटा स्थिर असते. भक्त लोलक हवा तिकडून ओढतो.

नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची घंटा पाहा. तिच्यावर १७२१ हे साल आहे, मंदिर १७४७ चे. म्हणजे घंटा देवळाहून २६ वर्षांनी मोठी आणि वसई पडण्याच्या १८ वर्षे आधीची. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल १७०७. मेणवलीचा वाडा नाना फडणविसांचा. त्यांचा जन्म १७४२ चा. ही घंटा वसईची असेल, तर ती त्यांच्या जन्माआधीच्या विजयाची ठेव आहे.

इथे एक सावधगिरी हवी. साल ओतकामाचे असते, लुटीचे नव्हे. घंटेवर १७३९ नंतरचे उठावाचे साल निघाले, तर ती त्या मोहिमेतली असूच शकत नाही. त्याआधीचे निघाले, तर ती वसईची असू शकते, एवढेच ठरते. पुढचा निवाडा घंटेवरच्या मजकुराने आणि दप्तरातल्या नोंदींनी करायचा.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. जिथे जिथे अशी घंटा आहे, तिथे काठाचा घेर मोजा, तिरप्या उजेडात अक्षरांचे फोटो घ्या, कागद धरून पेन्सिलीने ठसा उतरवा. ऑइलपेंटचे थर देऊ नका, ब्रासोने अंक घासू नका. चर्चमध्ये प्रार्थनेला आणि देवळात आरतीला जिचा नाद घुमला, तिची हकीकत त्या चार अंकांपासून सुरू होते. ते बुजले, तर उरेल ती नुसती ऐकीव गोष्ट.